उधारी सुरू होईपर्यंत

कोपरीत वाढलेल्या माझ्या पिढीला किराणा दुकानातली वही विसरता येत नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका सिंधी काकांचं दुकान होतं. गल्ल्याशेजारी लाल कापडी बांधणीची लांबट वही पडलेली असे. आई मला पिटाळायची, "पाव किलो साखर आण, लिहून ठेवा म्हणावं." काका लिहून ठेवत. पगार झाला की हिशेब होई, एक पान खोडलं जाई आणि नवं सुरू होई. फाळणीनंतर सिंध सोडून निघालेल्यांपैकी हजारो कुटुंबं कल्याणच्या लष्करी छावणीत उतरली आणि तिथे उल्हासनगर उभं राहिलं. काही ठाण्याच्या पूर्वेला, आमच्या कोपरीत आली. काकांचं कुटुंब त्यांतलंच. घर, शेत, शेजार, सगळं ज्याच्या हातून एका वर्षात निसटलं, तो माणूस पुढे चेंदणीच्या कोळ्यांना आणि रेल्वेतल्या कारकुनांना महिनाभराचं सामान नुसत्या शब्दावर देत होता.

लहानपणी मला त्यात फक्त साखर दिसायची. त्या वहीचा अर्थ पुष्कळ उशिरा, भिवंडीत कळला. उधारी देणारा माणूस पैशाआधी एक गोष्ट गृहीत धरतो : उद्या तूही इथेच असशील आणि मीही. दंगल माणसं मारते, घरं जाळते, आणि त्याबरोबर हे गृहीतही जाळते. घरं पुन्हा बांधता येतात, रोखीचे व्यवहार आठवड्याभरात सुरू होतात. उधारी मात्र सगळ्यांत शेवटी परतते. म्हणून माझं म्हणणं असं की, संघर्ष होऊन गेलेल्या जागी स्वयंसेवकाचं खरं काम संचारबंदी उठते तिथे सुरू होतं आणि उधारी सुरू होते तिथे संपतं. आपण बहुतेक जण नेमके या दोन टोकांच्या मधल्या काळात तिथे नसतो.

मे १९८४ मध्ये भिवंडी पेटली. आग ठाणे, कल्याण, मुंबईपर्यंत पसरली आणि सगळीकडची मिळून दोनशेहून अधिक माणसं मेली. मी तेव्हा बँकेत कारकून होतो, पंचविशीही ओलांडलेली नव्हती. जूनमध्ये आम्ही सात-आठ मित्रांनी कोपरीतून जुने कपडे, भांडी, तांदूळ गोळा केले आणि टेम्पो करून बाळकुम, कशेळी, काल्हेर, अंजूरफाट्याच्या रस्त्याने भिवंडी गाठली. संचारबंदी शिथिल झाली होती. शाळेच्या पडवीत आम्ही कपड्यांचा ढीग रचला. त्या ढिगात लग्नात एकदाच नेसलेले जरीचे शालू होते, मुलांचे तोकडे झालेले कोट होते, एका पायाचे बूट होते. लोक येत, ढिगाकडे बघत आणि आमचं मन राखायला एखादं कापड उचलून नेत.

एक वयस्कर लूमवाले मात्र काही न उचलता उभे राहिले. मी विचारलं, "चाचा, काय हवं?" ते म्हणाले, "बेटा, आम्ही कापड विणतो. कापड काय देता? लाइट जोडून द्या." त्यांचा कारखाना अर्धा जळला होता, अर्ध्यातले माग शाबूत होते. पण मीटर जळालेलं, त्यामुळे वीज तोडलेली. अर्ज कुठे करायचा, त्याला पंचनाम्याची प्रत लागते का, ती कोण देतं, हे त्यांना माहीत नव्हतं. आम्हालाही नव्हतं. त्यांच्या त्या एका वाक्याने मदत या शब्दाबद्दलचा माझा समज बदलला.

त्याच सुमारास वर्तमानपत्रांत छापून येत होतं, 'जनजीवन पूर्वपदावर'. आपण हा शब्दप्रयोग इतक्यांदा वाचतो की त्याचा विचार करायचं सोडून दिलं आहे. त्यात दोन गोष्टी लपून बसल्या आहेत. एक म्हणजे, जनजीवन आपोआप परततं, भरती ओसरावी तसं, त्यासाठी कुणाला काही करावं लागत नाही. दुसरी म्हणजे, जिथे परतायचं ते 'पूर्वपद' चांगलं होतं. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत, आणि त्याचा पुरावा भिवंडीइतका ठळक क्वचितच कुठे मिळेल. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी तिथे मोठी दंगल झाली होती. न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगाने भिवंडीची आणि तिच्या पाठोपाठ झालेल्या जळगाव-महाडच्या दंगलींची कसून चौकशी केली. तेव्हाही जनजीवन पूर्वपदावर आलंच होतं. माग चालले, बाजार भरले, चौदा वर्षं गेली. मग १९८४ आलं. याचा अर्थ, शहर जिथे परतलं होतं ती जागाच दंगलीची होती. नुसतं पूर्वपदावर येणं म्हणजे पुढच्या दंगलीच्या पहिल्या पायरीवर येणं.

मग दैनंदिन जीवन परत येतं म्हणजे नेमकं काय परत येतं? भिवंडीत ते डोळ्यांनी बघता येत होतं. त्या गावाचा श्वास यंत्रमागाचा. सूत देणारा व्यापारी बहुधा गुजराती किंवा मारवाडी, तोही पुष्कळदा उधारीवर देणारा. सायझिंगमध्ये खळ लावून बीम तयार होणार. माग चालवणारे उत्तर प्रदेशातले अन्सारी, तेलंगणातले पद्मशाली, बिहारमधली पोरं. कांड्या भरायला बायका. कारखान्याची जागा कोकणी मुसलमानाची, आसपासच्या गावांतून दूध-भाजी आणणारे आगरी. आणि या सगळ्यांच्या पोटाची सोय करणारी भिस्सी, म्हणजे एखाद्या बाईने आपल्या खोलीत चालवलेली कामगारांची खानावळ, जिथे महिनाभर जेवायचं आणि पगार झाला की पैसे चुकवायचे. ताना एकाचा, बाना दुसऱ्याचा, असं हे कापड. दंगलीनंतर व्यापारी म्हणाला की आता सूत रोखीनेच, तर लहान मागवाल्याकडे रोख कुठली? भिस्सी बंद, तर कामगार गावाहून परतणार कशाला? कामगार नाही, तर माग चालू होऊन उपयोग काय? एकेक धागा दुसऱ्यावर टेकलेला. यातला एक सोडवायला दहा जणांनी दहा ठिकाणी पडून राहावं लागतं.

आमच्या गटाने पुढचे पाच-सहा रविवार तेच केलं. मी फॉर्म भरायचो. तेवढंच मला नीट येत होतं. नुकसानीचे अर्ज, बँकेच्या हप्त्याला मुदत मागणारी पत्रं, विम्याचे दावे. अनेकांनी आगीचा विमा काढलेला होता, पण दंगलीची जोखीम तेव्हा वेगळी घालून घ्यावी लागे हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. कागद हातात घेतल्यावर त्यांचा चेहरा पडायचा, आणि मला कळायचं की यांचं दुसऱ्यांदा जळलं. आमच्यातला एक वायरमन होता, तो सगळ्यांत उपयोगी ठरला. दुसरा चांगला गाणारा होता, त्याला तिथे काही काम नव्हतं आणि ते त्याला फार लागलं. ऑगस्टपर्यंत आम्ही पांगलो. कुणाची परीक्षा, कुणाचं लग्न, पावसाने कशेळीचा रस्ता खराब. 'आता तिथे सगळं सुरळीत आहे' असं आम्ही एकमेकांना सांगितलं. चाचांचा विजेचा अर्ज तेव्हा कचेरीत पडून होता. ही कबुली इतक्या वर्षांनंतरही मला जड जाते, आणि हा लेख तिच्यातूनच आला आहे.

स्वयंसेवेच्या आपल्या कल्पनेत एक प्रकारचं धैर्य ठसठशीत आहे : जमावासमोर उभं राहण्याचं. ते थोर आहेच. १ जुलै १९४६ रोजी अहमदाबादेत वसंतराव हेगिष्टे आणि रजबअली लाखाणी हे दोन मित्र दंगल थांबवायला जमावात शिरले आणि दोघंही मारले गेले. एक मराठी घरातला, एक मुसलमान. अहमदाबाद आजही त्यांची नावं जोडीनेच घेतं. त्यांच्यापुढे मान लववायची नाही तर कुणापुढे? पण त्याच वर्षाच्या अखेरीस धैर्याचा दुसरा प्रकार पूर्व बंगालातल्या नोआखालीत दिसला. गांधीजी तिथे पोचले तेव्हा हत्याकांड होऊन गेलं होतं. त्यांनी आपल्या सोबत्यांची पांगापांग केली आणि प्रत्येकाला एकेका गावात एकट्याने राहायला पाठवलं. स्वतः पुढे अनवाणी सत्तेचाळीस गावं फिरले. गट करून राहिलं की गट एकमेकांशीच बोलतो, एकट्या माणसाला शेजाऱ्याशी बोलावंच लागतं, हे त्या योजनेमागचं साधं शहाणपण मला वाटतं. त्या सोबत्यांपैकी चारू चौधरी फाळणीनंतरही तिथेच राहिले, पाकिस्तानी राजवटीत वर्षानुवर्षं तुरुंगात राहिले आणि सुटल्यावर पुन्हा तिथल्याच जयाग गावात कामाला लागले. वसंत-रजब यांच्या धैर्याला एक क्षण पुरला. चौधरींच्या धैर्याला अख्खा जन्म लागला. आपण पहिल्याचे पुतळे करतो. दुसऱ्याची शिकवण आपल्या गरजेची आहे, कारण जमावासमोर उभं राहायची वेळ फार थोड्यांवर येते, आणि टिकून राहण्याची संधी जवळजवळ प्रत्येकाला मिळते.

हे टिकून राहणं भिवंडीतच एका पोलीस अधिकाऱ्याने व्यवस्थेत बसवून दाखवलं. सुरेश खोपडे १९८८ मध्ये तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. तोवर प्रत्येक तणावात 'शांतता समिती' बोलावली जाई. तिच्यात पुढारी, मोठे व्यापारी, प्रतिष्ठित. सण आला की बैठक, चहा, आवाहन, आणि मग पुढच्या सणापर्यंत कुणाची कुणाला आठवण नाही. खोपडे यांनी गावाचे लहान लहान भाग पाडून सत्तर मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. त्यांत हिंदू आणि मुसलमान दोघं, आणि मुख्य म्हणजे साधी माणसं : मागवाले, फेरीवाले, रिक्षावाले, कामगार. प्रत्येक कमिटीशी एक पोलीस अधिकारी बांधलेला. त्या बैठकांत माणसं धर्मावर भाषणं ऐकायला येत नसत. वस्तीतल्या रोजच्या कुरबुरी, भांडणं, तक्रारी तिथे येत आणि तिथल्या तिथे मिटत. ज्या माणसाशी आपण नळाच्या भांडणावर चार वेळा बसलो, त्याच्याबद्दल पाचव्या वेळी आलेली अफवा आपण त्यालाच विचारून खरी-खोटी करतो. एवढाच त्यामागचा मंत्र.

मग डिसेंबर १९९२ आलं. मुंबईत त्या डिसेंबर-जानेवारीतल्या दंगलींत श्रीकृष्ण चौकशी आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसं मेली. भिवंडी, जिच्या नुसत्या नावाने ठाणे जिल्ह्यात लोक दारं लावत, ती शांत राहिली. खोपडे यांच्यानंतर आलेले गुलाबराव पोळ यांनी त्याच कमिट्यांच्या आधाराने ते दिवस निभावले. मुंबईने हा धडा उशिरा, पण घेतला. पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि सतीश सहानी, कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मुंबईत मोहल्ला कमिटी चळवळ उभी राहिली. पोलीस आणि वस्तीतली पोरं यांचे क्रिकेटचे सामने सुरू झाले. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या दोघांनी आपल्या मैत्रीच्या बळावर वस्ती जोडून धरली. हे सगळं दंगल संपल्यावरचं काम आहे, म्हणजे खरं तर दंगल टाळण्याचं.

पण ही गोष्ट इथेच थांबवली तर ती बोधकथा होईल, आणि मला ती तशी सांगायची नाही. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानालगत पोलीस ठाणं बांधण्याच्या वादातून त्याच भिवंडीत पोलीस आणि जमाव भिडले. गोळीबारात माणसं मेली आणि जमावाने दोन पोलिसांना मारलं. ज्या गावात पोलीस आणि वस्ती एका सतरंजीवर बसत होती, तिथे हे घडलं. यावरून कमिट्या फसल्या असं कुणी म्हणेल. मी उलटं म्हणतो. विश्वास ही बांधून ठेवायची इमारत नाही, दर महिन्याला फेडायची आणि पुन्हा उचलायची उधारी आहे. वहीवरची पानं उलटायची थांबली की दुकानदार गिऱ्हाईकाला अनोळखी होतो. व्यवस्था एका अधिकाऱ्याच्या तळमळीवर उभी असेल तर त्याच्या बदलीचा कागद हाच तिचा शेवट. म्हणून असं काम सरकारी आदेशावर सोडून चालत नाही. त्यात नागरिकांनी स्वतःहून उतरावं लागतं, आणि मुळात स्वयंसेवकाची गरज तिथेच असते.

या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात. दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा : दैनंदिन जीवन सुरू करा, मनं जोडा, असं सांगणं म्हणजे ज्यांचं गेलं त्यांना गप्प बसवणं. न्यायाचं काय? हा प्रश्न विचारणाऱ्यांशी मी सहमत आहे. मादन आयोग झाला, श्रीकृष्ण आयोग झाला, अहवालांची पानं भरली, पण त्या मानाने शिक्षा किती झाल्या हे सगळ्यांना ठाऊक आहे. न्यायाला बगल देऊन केलेली शांतता म्हणजे जखमेवर खपली यायच्या आत घातलेला सदरा. परंतु न्याय आणि रोजचं जगणं यांना एकमेकांच्या विरोधात उभं करणारे, साक्षीदाराचं घर कसं चालतं हे विसरतात. तारखेला जायचं तर त्या दिवसाची मजुरी बुडते. शेजाऱ्याविरुद्ध साक्ष द्यायची तर त्याच गल्लीत राहायचं असतं. ज्याची चूल पेटत नाही तो खटला दहा वर्षं ओढू शकत नाही. साक्षीदाराबरोबर कोर्टाच्या बाकावर बसणं, त्याच्या मुलाची शाळेची फी भरली जाईल हे बघणं, हेही रोजच्या जगण्याचंच काम आहे, आणि न्याय त्यावरच टेकलेला आहे.

दुसरा आक्षेप : बाहेरच्याने जायचंच कशाला? त्याला भाषा येत नाही, गाव माहीत नाही, तो स्वतःच्या समाधानासाठी जातो. यातला शेवटचा भाग मी स्वतःच्या अनुभवाने खरा मानतो. तरीही बाहेरच्याकडे एक गोष्ट असते जी आतल्याकडे नसते : तो कुणाचाच नसतो. दोन्ही गल्ल्यांत त्याला चहा मिळतो. फक्त हा गुण टिकायला त्याला थांबावं लागतं. अधिक कदम हा महाराष्ट्रातला तरुण काश्मीरमध्ये गेला आणि २००२ मध्ये कुपवाड्यात अनाथ मुलींसाठी घर उभं करून तिथलाच झाला. पुण्यात संजय नहार यांच्या 'सरहद' संस्थेने उलटी वाट धरली. संघर्षात होरपळलेली काश्मिरी मुलं पुण्याला आणून त्यांना शाळा दिली. दोन्ही ठिकाणी केंद्रस्थानी काय आहे पाहा : शाळेचा डबा, गणवेश, गृहपाठ, सहामाही परीक्षा. संघर्षभूमीत मुलाला सहामाहीची भीती वाटायला लागली, की समजावं त्याचं बालपण परत आलं.

कोपरीतली, कळवा-डोंबिवलीतली मुलं आजही मला विचारतात, "काका, अमुक ठिकाणी पेटलं आहे, जाऊ का?" मी अडवत नाही. एवढंच विचारतो, "तुला काय येतं?" वायरिंग येतं, शिकवता येतं, अर्ज लिहिता येतो, लहान मूल सांभाळता येतं, तर जा. नुसती कळकळ असेल तर आधी इथे काहीतरी शिक. दुसरं विचारतो, "तिसऱ्या महिन्यात तिथे असशील?" पहिल्या आठवड्यात तिथे ट्रक उभे राहायला जागा नसते. तिसऱ्या महिन्यात एकही माणूस नसतो, आणि अर्ज तेव्हाच नाकारले जातात, शाळा तेव्हाच सुटतात, साक्षी तेव्हाच फिरतात. आणि तिसरं सांगतो, की इतकं लांब जायच्या आधी आपल्या गल्लीत कुणाशी आपली उधारी तुटली आहे का ते पाहा.

१९८५ च्या उन्हाळ्यात मी एकटाच भिवंडीला गेलो. मनाला टोचत होतं म्हणून गेलो, दुसरं काही कारण नव्हतं. चाचांच्या कारखान्यात माग चालू होते. वीज कुणी जोडून आणली हे त्यांनी सांगितलं नाही, आणि ते आम्ही नव्हतो हे मला माहीत होतं. त्यांनी मला शेजारच्या भिस्सीत जेवायला नेलं. चालवणारी तेलुगू बाई, सगळे तिला अक्का म्हणत. पंगतीत पद्मशाली पोरं होती, अन्सारी पोरं होती. डाळ, भात, लोणचं. उठताना मी खिशात हात घातला. अक्काने मान हलवली. भिंतीवर खडूच्या रेघांचे पट्टे होते, प्रत्येक पट्ट्याशेजारी एक खूण. तिने माझं नाव विचारलं, ते नीट ऐकून घेतलं, आणि एका कोऱ्या जागी एक रेघ ओढली. म्हणाली, "पुन्हा याल तेव्हा द्या."

त्या क्षणी मला कळलं की इथलं काहीतरी खरंच सुरळीत झालं आहे. आणि हेही कळलं की जूनमध्ये आम्ही कपड्यांचा ढीग घेऊन आलो तेव्हा नेमकं काय चुकलं होतं. आम्ही देणारे होतो. देणाऱ्याचा हिशेब त्याच दिवशी मिटतो, तो मोकळा होऊन निघून जातो. ज्याचं देणं बाकी असतं त्याला परत यावंच लागतं. मी परत गेलो. ते पैसे दिले, जेवलो, आणि अक्काने नवी रेघ ओढली.